हवेतले परागकण मोजणार कोण?

गणपती उठले, पाऊस ओसरू लागला, की पुण्यातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे एक ठरावीक गर्दी सुरू होते. सकाळी उठल्याबरोबर दहा-पंधरा शिंका, नळ सोडल्यासारखे वाहणारे नाक, डोळ्यांना आणि टाळूला खाज, ताप मात्र नाही. घरात याला ‘हवा बदलली’ म्हणतात. मोबाइलवर त्या दिवसाचा हवेचा निर्देशांक पाहावा, तर तो बहुधा हिरवा असतो, कारण पावसाने धूळ आणि धूर धुऊन नेलेला असतो. हवा ‘चांगली’ आणि माणसे शिंकांनी बेजार, असा पेच दरवर्षी पडतो आणि दिवाळीपर्यंत विसरलाही जातो.

हा पेच मोजमापाचा आहे. निर्देशांकात जे धूलिकण धरले जातात ते १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान व्यासाचे; पीएम १० आणि पीएम २.५ ही नावेच त्यावरून पडली. गाजरगवताचा परागकण साधारण १५ ते २० मायक्रॉनचा, गवतांचे बहुतेक परागकण त्याहूनही मोठे. म्हणजे यंत्राच्या तोंडाशीच ते गाळले जातात. ज्या कणांनी माणूस शिंकतो ते आपल्या हिशेबातच नाहीत. डॉक्टर रुग्णाच्या हातावर चाचणी करून त्याला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते सांगू शकतात, पण ती गोष्ट या महिन्यात या शहराच्या हवेत आहे का, असली तर किती, हे त्यांना कोणी सांगत नाही. निदानाचा अर्धा भाग असा अंधारात राहतो.

हे दोन भाग शेजारी ठेवून पाहण्याचा पहिला नेटका प्रयत्न दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली स्वतःच ‘हे फीव्हर’ने त्रस्त होते. त्या काळी कोणी उन्हाला, कोणी ओझोनला, कोणी सुक्या गवताच्या वासाला दोष देत असे. ब्लॅकलींनी या एकेका संशयिताची परीक्षा स्वतःच्या अंगावर घेतली. हातावर ओरखडा काढून त्यावर गवताचे पराग लावले, तेव्हा तिथे डास चावल्यासारखी गांध उठली. त्वचेवरच्या चाचणीची ही सुरुवात. मग चिकट द्रव लावलेल्या काचा उघड्यावर ठेवून रोज त्यांच्यावर किती पराग बसले ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला त्यांनी सुरुवात केली. उंचावरची हवा तपासायला काचा चक्क पतंगाला बांधून वर सोडल्या आणि तिथेही पराग सापडले. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात हे सगळे आहे. काचेवरचा आकडा वाढला की त्यांचे नाक वाहू लागे, आकडा उतरला की ते शांत होई. हवेतल्या आकड्याची आणि रुग्णाच्या त्रासाची अशी सांगड त्यांनी एकट्याने घातली. रुग्ण, डॉक्टर आणि वेधशाळा, तिन्ही तेच.

हवेत पराग असले म्हणून सगळेच शिंकत नाहीत, हे मात्र ब्लॅकलींनाही दिसत होते. त्याचे कारण कळायला पुढचे शतक उजाडावे लागले. एखाद्या माणसाचे शरीर पहिल्यांदा एखाद्या परागाला भेटते तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. पण काही जणांच्या, विशेषतः घराण्यात दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या, शरीरात त्या परागातील प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाचे प्रतिद्रव्य तयार होऊ लागते. १९६६ मध्ये जपानी संशोधक दाम्पत्य किमिशिगे आणि तेरुको इशिझाका यांनी ते अमेरिकेत शोधून काढले. हे प्रतिद्रव्य नाक, डोळे, श्वासनलिका आणि त्वचा यांतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसते. पुढच्या हंगामात तोच पराग आला की या पेशी फुटाव्यात तशा हिस्टामाइन सोडतात. शिंका, खाज, सूज हा त्याचा परिणाम. पहिल्या टप्प्याला, म्हणजे प्रतिद्रव्य तयार होऊन बसण्याला, वैद्यकात संवेदीकरण म्हणतात. ते एका दिवसात होत नाही, कित्येकदा काही हंगाम जावे लागतात.

म्हणून हवेतल्या परागांचा माणसाशी संबंध एक नसून दोन आहेत. आजच्या आकड्याचा संबंध आजच्या शिंकांशी. गेल्या पाच-दहा-वीस वर्षांच्या आकड्यांचा संबंध आज गावात किती माणसे संवेदी झाली आहेत याच्याशी. पहिला संबंध रुग्णाला स्वतःला कळतो. दुसरा एकट्या रुग्णाला कळत नाही, तो शहराने वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या तरच दिसतो.

जपानने तो फार महागात पाहिला. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर उघडे पडलेले डोंगर तिथल्या सरकारने सुगी या झाडाने भरून काढले. लाकूड हवे होते, झाड लवकर वाढत होते, निर्णयात कोणाला काही वावगे दिसले नाही. झाडे वयात आली तशी हवेतले पराग वाढत गेले. सुगीच्या परागांनी होणाऱ्या आजाराची पहिली नोंद १९६४ ची, निक्को भागातली. पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि त्यांचे कुटुंबीय यांची दर दहा वर्षांनी देशभर पाहणी झाली. सुगीचा त्रास असलेल्यांचे प्रमाण १९९८ मध्ये १६ टक्के, २००८ मध्ये २६ टक्क्यांच्या वर आणि २०१९ मध्ये ३९ टक्क्यांच्या जवळ. ही वाढ निव्वळ परागांची आहे असे कोणी म्हणत नाही. शहरी राहणी, डिझेलचा धूर, लहानपणीचे स्वच्छ-निर्जंतुक वातावरण या सगळ्यांकडे बोट दाखवले जाते. पण झाडे नसती तर हा आजार नसता, याबद्दल वाद नाही. २०२३ मध्ये जपान सरकारने येत्या दहा वर्षांत सुगीच्या लागवडीचे क्षेत्र सुमारे २० टक्क्यांनी कमी करण्याची योजना जाहीर केली. लावायला दोन दशके, निस्तरायला किती ते पुढे दिसेल.

आपल्याकडे असे झाड कोणी लावले नाही. आपल्याकडे ते आपोआप आले. गाजरगवत, ज्याला बहुतेक लोक काँग्रेस गवत म्हणतात, मूळचे मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या मुलखातले. भारतात त्याच्या फैलावाची नोंद सुरू होते ती पुण्यात, १९५५ मध्ये, उकिरड्यावर उगवलेल्या झाडांपासून. अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हाबरोबर ते आले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. पण त्या कायद्याखालचा भारताशी पहिला करार १९५६ च्या ऑगस्टमधला. बी त्याआधीच्या आयात धान्यातून आले असेल, किंवा आणखी जुन्या वाटेने. निदान ‘मिलो’च्या रेशनवर सगळे ढकलून मोकळे होण्याइतके हे सोपे नाही. आले कसेही असो, सत्तर वर्षांत ते देशभर पसरले. पाऊस पडला की उगवते, चार-सहा आठवड्यांत फुलावर येते, आणि एका झाडावर हजारो बिया धरते. बंगळुरूच्या अभ्यासकांनी एका झाडाचे पराग मोजले तेव्हा ते ६० कोटींच्या वर भरले.

या एका झाडाने दोन वेगळे आजार दिले, आणि त्यांची सरमिसळ अजूनही होते. पहिला त्वचेचा. १९७४ मध्ये डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या झाडाच्या संपर्काने होणाऱ्या त्वचादाहाचे वर्णन प्रसिद्ध केले. चेहरा, पापण्या, मान, कोपराची खोबण, असे उघडे भाग लाल होतात, खाजतात, कातडी जाड होते. याला कारण झाडातील पार्थेनिन नावाचे रसायन. ते पानांवरच्या बारीक लवेत असते आणि झाड वाळले की भुकटी होऊन हवेतही उडते, त्यामुळे झाडाला हात न लावताही हा आजार होऊ शकतो. इथे आयजीईचा संबंध नाही. ही पांढऱ्या पेशींची दोन-तीन दिवसांनी उमटणारी प्रतिक्रिया आहे, आणि ती पाठीवर पट्टी चिकटवून केलेल्या चाचणीत कळते, सुईच्या चाचणीत नाही. दुसरा आजार परागांचा, नाकाचा आणि छातीचा. तो आयजीईचा, आणि तो सुईच्या चाचणीत कळतो. बंगळुरूत १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शहरातल्या तपासलेल्या लोकांपैकी सुमारे ७ टक्के जणांना गाजरगवताच्या परागांमुळे नाकाची अ‍ॅलर्जी असल्याचे आढळले. नाकाच्या अ‍ॅलर्जीच्या रुग्णांमध्ये तर साधारण तिघांतला एक जण त्या परागाला संवेदी निघाला. चाळीस वर्षांपूर्वी ज्या वनस्पतीचे नावही या भागाला नीट माहीत नव्हते, तिने एवढी मजल मारली होती. एका संबंधाचा याहून ठळक पुरावा कुठला हवा?

तरीही आकडा म्हणजे सर्व काही नव्हे. हवेत सर्वाधिक असणारा पराग सर्वाधिक त्रास देतोच असे नाही. काही झाडांचे पराग ढिगाने उडतात आणि फारसे कोणाला बाधत नाहीत. काहींचे थोडे पुरतात. आणि डोळ्यांत भरणारी फुले तर बहुधा निर्दोष असतात. गुलमोहोर, पळस यांचे पराग जड, चिकट, कीटक-पक्ष्यांच्या अंगाला लागून जाणारे. खरे गुन्हेगार वाऱ्यावर भरवसा ठेवणारे: गवते, एरंड, काटेमाठ, वेडी बाभूळ, आणि जानेवारी-फेब्रुवारीत निष्पर्ण असताना बारीक, कोणाच्या लक्षातही न येणारी फुले धरणारा वावळ. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच्या गोल पापडीसारख्या फळांचा रस्त्यावर खच पडतो आणि लोक त्या पापड्यांना नावे ठेवतात. पराग तोवर उडून गेलेले असतात. दारातला गुलमोहोर ‘अ‍ॅलर्जी होते’ म्हणून तोडायला निघालेली सोसायटी पाहिली की कुंपणापलीकडच्या मोकळ्या भूखंडातल्या कमरेएवढ्या गाजरगवताकडे त्यांचे लक्ष वेधावेसे वाटते.

आकडा कधी कधी अनपेक्षित तऱ्हेने घात करतो. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नमध्ये उकाड्याच्या संध्याकाळी वादळ आले. हवेत रायगवताचे पराग भरपूर होते. वादळाच्या ओलाव्यात ते फुटले आणि त्यांतले सूक्ष्म कण, जे नाकात न अडकता थेट फुप्फुसात जाऊ शकतात, वाऱ्याच्या झोताबरोबर जमिनीवर उतरले. पुढच्या तीस तासांत श्वासाच्या त्रासाचे तीन हजारांहून अधिक जादा रुग्ण रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आले. दहा जण दगावले. अनेकांना पूर्वी दमा असल्याचे निदान नव्हते, होता तो फक्त हंगामी शिंकांचा त्रास. बाधितांमध्ये भारतीय आणि आशियाई वंशाच्या लोकांचे प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याच्या मानाने बरेच जास्त होते. त्या शहरात स्थायिक झालेल्या आशियाई लोकांत हे फीव्हरचे प्रमाण मुक्कामाच्या वर्षांबरोबर वाढत जाते, हे त्याआधीच्या अभ्यासांत दिसले होते. ज्यांची मुले-सुना तिथे आहेत अशी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. ‘इथे असताना तिला कधी साधी सर्दी व्हायची नाही’ असे सांगणाऱ्या आईचे म्हणणे खरे असते. नव्या मुलखातल्या परागांना संवेदी व्हायला तिला तिथे काही हंगाम लागलेले असतात.

आता आपल्या दवाखान्यांकडे येऊ. त्वचेवरची चाचणी साधी आहे: हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब, प्रत्येकातून सुईचे हलके टोचणे, पंधरा-वीस मिनिटे थांबणे, मग उठलेल्या गांधीचा व्यास मोजणे. तीन मिलिमीटर किंवा अधिक भरला तर ‘होकारार्थी’. या शब्दाचा अर्थ फक्त एवढाच, की शरीर त्या पदार्थाला संवेदी आहे. संवेदी असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. कधीही न शिंकणाऱ्या कित्येकांची चाचणी होकारार्थी येते. तो पराग हवेत असतो त्याच दिवसांत रुग्णाला त्रास होतो का, हे जुळल्याशिवाय त्या गांधीला काही अर्थ नाही. आणि ते जुळवायला हवेचा आकडा लागतो.

तो नसल्यामुळे काय होते ते रोज दिसते. चाचणीतले अर्क स्थानिक हवेप्रमाणे निवडायला हवेत, पण स्थानिक हवा माहीत नसल्याने ठरलेला संच वापरला जातो. त्याहून वाईट म्हणजे घरी येऊन रक्त नेणाऱ्या प्रयोगशाळांची शंभर-शंभर पदार्थांची पॅकेजे. सप्टेंबरात शिंकणाऱ्या मुलाच्या अहवालात परागांबरोबर दूध, केळे, वांगे, भुईमूग यांच्यापुढेही लहान-मोठे आकडे असतात. डॉक्टरांना न दाखवताच आई ते सगळे ताटातून काढून टाकते. मूल शिंकतच राहते, वर वजन घटते. परागांविरुद्धच्या प्रतिबंधक उपचाराचेही तेच. वाढत्या मात्रेने परागाचा अर्क देऊन शरीराला त्याची सवय लावण्याची ही पद्धत १९११ मध्ये लंडनच्या लेनर्ड नून यांनी मांडली, आणि योग्य रुग्णाला योग्य अर्क दिला तर ती उपयोगी पडते. पण हा उपचार साधारण तीन वर्षे चालतो. अर्क चुकीचा निवडला तर तीन वर्षांचा पैसा आणि धीर दोन्ही वाया.

मोजणे काही अवघड नाही. १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये हर्स्ट यांनी तयार केलेला सापळा आजही जगभर प्रमाण मानला जातो. तो मिनिटाला १० लिटर हवा ओढतो, साधारण माणूस ओढेल तेवढी. एका बारीक फटीतून आत आलेली हवा चिकट पट्टीवर आपटते, पट्टी तासाला दोन मिलिमीटर सरकते, आठवडाभराची नोंद एका फिरत्या पिंपावर मिळते. मग सूक्ष्मदर्शक आणि पराग ओळखणारे डोळे. महाराष्ट्राला हे नवे नाही. औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतले बीजाणू आणि पराग टिपण्यासाठी स्वतःचे यंत्र घडवले. ‘टिळक एअर सॅम्पलर’ हे नाव देशभरच्या हवाजीवशास्त्राच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. ज्ञान इथे होते. ते प्रबंधांत राहिले, रुग्णापर्यंत आले नाही.

इस्लामाबादकडे पाहा. तिथे नव्या राजधानीत हिरवाई म्हणून कागदी तुतीची झाडे पसरवली गेली आणि आज मार्चमध्ये हवेच्या एका घनमीटरमागे परागांचा आकडा काही दहा हजारांत जातो. पण तिथला हवामान विभाग तो आकडा रोज जाहीर करतो. चंडीगडमध्ये पीजीआय आणि पंजाब विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये शहराचे परागदर्शक तयार केले: कोणत्या महिन्यात कशाचे पराग. पुण्यात भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, तिची ‘सफर’ यंत्रणा प्रदूषणाचे अंदाज देते. विद्यापीठात आणि महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत. मोठी रुग्णालये आहेत. या तिघांच्या मध्ये एक गच्ची आणि एक सापळा एवढेच हवे आहे. नागपूर, नाशिक, कोल्हापूर यांनाही स्वतंत्र सापळा लागेल, कारण विदर्भातली हवा पुण्याच्या आकड्यावर वाचता येत नाही. नारळी-पोफळींच्या कोकणाची तर अजिबात नाही. मोबाइलवरची काही अ‍ॅप परागांचा अंदाज दाखवतात, पण तो गणिती प्रारूपावरचा असतो. जवळपास प्रत्यक्ष मोजणीच नसेल, तर तो अंदाज खरा ठरला की खोटा हे तपासणार कशावर?

महापालिकांनी या मोजणीची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. गाजरगवताविषयी जागृतीचा देशव्यापी सप्ताह १६ ते २२ ऑगस्टला असतो. पुण्यात जूनच्या पहिल्या पावसात उगवलेले झाड तोवर फुलून पराग उडवू लागलेले असते. उपटायचे तर जुलैच्या मध्यापर्यंत, फूल येण्याआधी, आणि उपटणाऱ्यांच्या हातांत मोजे, अंगात पूर्ण बाह्या हव्यात. आज हे काम करणाऱ्या कामगारांच्या आणि खुरपणीला जाणाऱ्या बायांच्या हातांत यातले काहीच नसते. त्यांच्या कातडीवर दिसणारा आजार शहरातल्या शिंकांपेक्षा कितीतरी चिवट असतो. १९८४ च्या सुमारास बंगळुरूत सोडलेले मेक्सिकन भुंगेरे हे झाड खातात, पण हिवाळ्यात ते जमिनीत जाऊन झोपतात आणि झाड काही झोपत नाही.

तोवर रुग्णाने ब्लॅकलींचा धडा घरच्या वहीत गिरवावा. तारीख, पाऊस पडला की नाही, सकाळच्या शिंका, रात्रीची धाप, त्या दिवशी कुठे गेलो, आसपास काय फुलले आहे. गावाला गेल्यावर त्रास थांबला का आणि परतल्यावर कितव्या दिवशी सुरू झाला. धाप लागत असेल, छातीत शिट्टी वाजत असेल, तर ते वेगळ्या शाईने लिहावे. दोन हंगामांची अशी वही घेऊन आलेल्या रुग्णाचे निदान शंभर पदार्थांच्या अहवालापेक्षा लवकर होते. चाचणीला जाण्याआधी शिंकांच्या गोळ्या किती दिवस थांबवायच्या, ते मात्र डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे. गोळी पोटात असेल तर गांध उठतच नाही.